शाळकरी मुलांना आयोडीन पुरतंय का? (सैंधव, कमी मीठ आणि गलगंड)

निशिगंध
नमस्कार मंडळी. लेक चौथीत आहे. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं होतं, त्यांनी कार्डावर लिहून दिलंय : "गलगंड ग्रेड १? बालरोगतज्ज्ञांना दाखवणे." तिचा गळा मी दहा बाजूंनी पाहिला, मला तरी काही दिसत नाही. उंची-वजन व्यवस्थित आहे. हल्ली लवकर दमते असं वाटतं, पण परीक्षाही चालू होती. शनिवारची वेळ घेतली आहे.

घरचं सांगते. सासऱ्यांना बीपी, म्हणून सगळ्यांच्याच स्वयंपाकात मीठ बेताचं. गेल्या वर्षापासून साधं मीठ बंद करून गुलाबी सैंधव आणतो. आम्ही शाकाहारी, अंडंही नाही. दुधाचा पेला पाहिला की लेक पळून जाते. बाजरीची भाकरी मात्र थंडीभर रोज असते आणि ती आवडीने खाते.

या सगळ्याचा थायरॉइडशी संबंध असू शकतो का? आणि मुलांच्या पोटात आयोडीन पुरेसं जातंय की नाही हे घरी कसं ओळखायचं? घाबरलेली नाही, पण नीट समजून घ्यायचंय. मोठ्यांच्या थायरॉइडवर ढिगाने माहिती मिळते, मुलांवर फार कमी.

काकू_डोंबिवली
अगं, सैंधव नित्य खायला चांगलंच सांगितलंय. टॉन्सिल सुजले असतील, हळद-मिठाच्या गुळण्या दे. या तपासणीवाल्यांना एका दिवसात शेकडो पोरं बघायची असतात, घाईत लिहितात काहीतरी.

भटकी_सावली
काकू, गुळण्यांसाठी सैंधव की साधं, ते पण सांगा. :)
निशिगंध, शनिवारी दाखवून ये. वाचतेय.

थायमोल
मी बालरोगतज्ज्ञ आहे. तपासल्याशिवाय निदान करणार नाही, पण कार्डावर जे लिहिलंय त्याचा अर्थ सांगतो.

गलगंड म्हणजे गळ्यातली थायरॉइड ग्रंथी वाढणं. ग्रेड १ म्हणजे मान सरळ असताना गाठ दिसत नाही, पण बोटांना थायरॉइड वाढलेली लागते. तपासताना मोजमाप म्हणून मुलाचाच अंगठा वापरतात : थायरॉइडच्या दोन बाजूंपैकी एखादी त्या मुलाच्या अंगठ्याच्या शेवटच्या पेरापेक्षा मोठी लागली, तर गलगंड धरायचा. मान सरळ असताना नुसत्या डोळ्यांनीही दिसली तर ग्रेड २. त्यामुळे आईला काही दिसलं नाही यात नवल नाही. ग्रेड १ मध्ये तपासणाऱ्याच्या हाताप्रमाणे फरकही पडतो, म्हणून तिथे प्रश्नचिन्ह आहे. काकू, पथकाने घाई केली असं मला वाटत नाही. शंका आली आणि पुढे पाठवलं, हेच त्यांचं काम. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांमधल्या ज्या उणिवा शोधायच्या असतात, त्यांत अ‍ॅनिमियासोबत गलगंडही आहे. टॉन्सिल घशाच्या आत असतात, थायरॉइड बाहेरून गळ्याच्या पुढच्या भागात. दोन्हींची गल्लत होत नाही.

आता आयोडीन. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला दिवसाला १२० मायक्रोग्रॅम लागतं. त्याहून मोठ्यांना १५०, गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या बाईला २५०. हे जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे. जन्मभराचं आयोडीन एकत्र केलं तरी एका चहाच्या चमच्यात मावेल, पण ते रोज थोडं थोडं मिळायला हवं. थायरॉइडची संप्रेरकं त्यापासूनच बनतात. कमी मिळालं की ग्रंथी जास्त आयोडीन ओढून घेण्यासाठी वाढते. वाढीच्या वयात, त्यातही वयात येणाऱ्या मुलींमध्ये, हे जास्त दिसतं.

निशिगंध, कमी मीठ, तेही बिनआयोडीनचं, दूध नाही, अंडं नाही, मासे नाहीत. प्रत्येक गोष्ट सुटी पाहिली तर चालून जाते. इथे सगळ्या एकत्र आल्यात. शनिवारी डॉक्टरांना हे जसंच्या तसं सांगा.

केमिकल_लोचा
थोडं गणित. आपल्याकडे आयोडीनयुक्त मिठात कारखान्यात ३० पीपीएम आणि ग्राहकापर्यंत येताना किमान १५ पीपीएम आयोडीन असावं, असं धरतात. १५ पीपीएम म्हणजे एका ग्रॅममध्ये १५ मायक्रोग्रॅम. माणूस दिवसाला १० ग्रॅम मीठ खातो असं धरलं की बरोबर १५० होतात.

पण आता सांगतात ५ ग्रॅमच्या आत राहा, आणि ते योग्यच आहे. ५ ग्रॅमला १५ ने गुणा : ७५. शिजवताना थोडं उडतं ते वेगळं. म्हणजे किमान दर्जाचं मीठ आणि कमी मीठ एकत्र आलं, तर नुसत्या मिठातून मुलाचे १२० भरत नाहीत. मीठ ३० च्या जवळचं असेल तर ५ ग्रॅममधून १५० येतात आणि प्रश्न मिटतो. त्यामुळे बीपीवाल्या घराने मीठ वाढवू नये, आयोडीन टिकेल असं मीठ घ्यावं आणि तसं ठेवावं. मीठ कमी करायचं की आयोडीन घ्यायचं, असा पेच मुळात नाही.

रानपाखरू
सगळे एकाच सुरात बोलताहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझ्या आजोबांनी जन्मभर आगरातलं खडे मीठ खाल्लं, नव्वदी पाहिली. समुद्राच्या मिठात निसर्गतः सगळं असतं. मग कारखान्यांनी ते धुऊन काढलं आणि आयोडीन घालून दामदुपटीने विकलं. ज्या देशात मिठासाठी लोक तुरुंगात गेले, आपल्या शिरोड्याला १९३० साली सत्याग्रह झाला, तिथे साधं मीठ खाण्यासाठी विकायला बंदी? २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेसुद्धा हा नियम कायद्याच्या चौकटीत बसत नाही असं म्हटलं होतं. ज्याला कमतरता आहे त्याला औषध द्या, सगळ्या देशाला कशाला?

उरणकर
रानपाखरू, आमची पिढीजात मिठागरं. तुमच्या बोलण्यातलं अर्धं पटतं, अर्धं नाही.

पटतं ते हे, की नियम आला तेव्हा लहान आगरवाल्याचा विचार कोणी केला नाही. आयोडीनचा खर्च किलोमागे नगण्य असतो, पण फवारणी, वाळवण, पाकिटबंद करणं, तपासणी हे सगळं चार कोंड्यांच्या (मीठ पिकवायच्या वाफ्यांच्या) मालकाला जमत नाही. मोठ्या गुजराती मालापुढे आमचं मीठ खाण्याच्या बाजारातून गेलं. आता बर्फाच्या कारखान्याला, मासळी खारवायला, चामड्याच्या कामाला जातं. आमची ही तक्रार खरी आहे आणि ती अजून कोणी ऐकलेली नाही.

न पटणारं म्हणजे समुद्राच्या मिठात सगळं असतं हे. पाण्यात आयोडीन असतं, पण अगदी थोडं, आणि कोंडीत मीठ धरेपर्यंत त्यातलं फारसं उरत नाही. समुद्री शेवाळ आणि मासळी ते धरून ठेवतात. आमच्या गावात गलगंड दिसत नसे याचं श्रेय मी मिठाला देत नाही. रोजच्या बोंबील, सुकट, जवळ्याला देतो. तेच मीठ डोंगरावरच्या बिनमासळीच्या घरी गेलं तर काही उपयोगाचं नाही.

भटकी_सावली
सुकट वाचून भूक लागली. विषयांतराबद्दल माफी.

केमिकल_लोचा
रानपाखरू, न्यायालयाचं जरा पूर्ण सांगू या. आक्षेप होता अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखालच्या नियमाला. भेसळ रोखायच्या कायद्याखाली आयोडीन सक्तीचं करता येत नाही, असा तो निकाल. आयोडीन अपायकारक आहे असं न्यायालयाने म्हटलेलं नाही. उलट सरकारला पुढची व्यवस्था करता यावी म्हणून नियम सहा महिने चालूही ठेवला. नंतर अन्नसुरक्षा कायद्याच्या नियमांत ती तरतूद आली. त्याआधी २००० साली केंद्राने बंदी उठवली होती, ती २००६ च्या मे महिन्यात परत आली. म्हणजे यावर वाद झालेच नाहीत असं नाही.

गुरुजी_सातपुडा
"कमतरता आहे त्यालाच औषध द्या" यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी सातपुड्याच्या पायथ्याशी जिल्हा परिषदेच्या शाळेवर बरीच वर्षं काढली. जुन्या पिढीतल्या कितीतरी बायांच्या गळ्याला उघड दिसणारा गलगंड होता. त्याला कोणी आजार म्हणत नसे. अमक्या घराण्यात असतोच, एवढंच. डोंगराळ भागात पाऊस वर्षानुवर्षं माती धुऊन नेतो, तिच्याबरोबर आयोडीनही जातं. मग तिथल्या धान्यात, भाजीत, गुरांच्या दुधातही ते नसतं. ज्याला उणीव आहे त्याला ती कळत नाही, आणि औषध रोज द्यायचं कोणी? मीठ मात्र सगळ्यात गरीब घरीही रोज लागतं.

आमच्याकडची खरी अडचण वेगळीच होती. आठवडी बाजारात गोणीतलं खडे मीठ उघड्यावर मिळायचं. त्यावर आयोडीन फवारलेलं असलं तरी ऊन-पावसात बसून ते उडायचं. घरी आणल्यावर त्यात माती असते म्हणून बाया मीठ पाण्याने धुऊन घ्यायच्या. खड्यावरचं आयोडीन वरच्या थराला असतं, ते त्या पाण्यात जायचं. कागदोपत्री गाव आयोडीनयुक्त मीठ खात होतं.

आशाताईंकडच्या किटने आम्ही पोरांकडून घराघरातलं मीठ तपासून घेतलं. पोरांनी चिमूटभर मीठ कागदाच्या पुडीत आणायचं, त्यावर थेंब टाकायचा. निळं-जांभळं झालं तर आयोडीन आहे, रंग जितका गडद तितकं जास्त. ज्यांची पुडी पांढरीच राहिली, ती पोरं घरी जाऊन आईशी भांडली. त्यानंतर वाडीवरच्या दुकानदाराने पाकिटातलं मीठ ठेवायला सुरुवात केली. माझ्या भाषणांनी ते झालं नव्हतं.

थायमोल
गुरुजी, तुमचा प्रतिसाद माझ्या विद्यार्थ्यांना वाचायला देणार आहे.

रानपाखरू यांच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच देशात फार पूर्वी मिळालंय. १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी आजच्या हिमाचलातल्या कांगडा खोऱ्याचे तीन विभाग केले. दोन विभागांना आयोडीन घातलेलं मीठ, एकाला साधं. तपासले ते शाळकरी मुलांचे गळे. सुरुवातीला सुमारे ४० टक्के मुलांना गलगंड होता. १९६२ पर्यंत आयोडीनच्या विभागांत तो निम्म्याच्या आसपास आला, साध्या मिठाच्या विभागात तसा फरक पडला नाही. मग त्या विभागालाही आयोडीनयुक्त मीठ सुरू केलं. राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ चाच. पुढे कळत गेलं की गळ्याची गाठ हा यातला सगळ्यात कमी त्रासाचा भाग आहे. मेंदूच्या वाढीवर होणारा परिणाम जास्त गंभीर. म्हणून १९९२ मध्ये कार्यक्रमाचं नावही बदललं.

आणि हे फक्त हिमालयाचं दुखणं नाही. नंतरच्या सर्वेक्षणांत देशातलं एकही राज्य यातून सुटलेलं दिसलं नाही.

ओसाकाकर
दुसऱ्या टोकाचंही सांगते. जपानमध्ये मिठात आयोडीन घालत नाहीत, कारण इथे कोंबू नावाचं समुद्री शेवाळ सूपपासून भाजीपर्यंत सगळीकडे असतं आणि त्यात आयोडीन भरमसाट. होक्काइदोच्या किनाऱ्यावर, जिथे ते फार खाल्लं जायचं, तिथल्या मुलांमध्ये अति-आयोडीनमुळे गलगंड सापडला होता. तेव्हा इथलं वाचून कोणी ऑनलाइन शेवाळाच्या गोळ्या मागवून मुलांना देऊ नका. एकेका गोळीत किती असेल याचा भरवसा नसतो. आमच्या घरी वरणभातच असतो, म्हणून मीठ मी भारतातून आणते आणि कोंबू अधूनमधून.

लंडनस्थ_कोल्हापुरी
आमच्याकडे उलटं. ब्रिटनमध्ये आयोडीनयुक्त मीठ शोधावं लागतं, लोकांना आयोडीन मिळतं ते मुख्यतः गाईच्या दुधातून. २०११ मध्ये इथल्या १४-१५ वर्षांच्या शाळकरी मुलींचा एक अभ्यास आला. ७०० हून अधिक मुली, लघवीतलं आयोडीन मध्यकाने (सगळे आकडे क्रमाने लावले की मधोमध येतो तो) लिटरला ८० मायक्रोग्रॅम. १०० च्या खाली म्हणजे कमतरता. प्रगत देश, गळ्यावर काही दिसत नाही, आणि तरी उणीव.

माझ्या थोरल्या मुलीने व्हीगन व्हायचं ठरवलं तेव्हा मला हे कळलं. ओटचं किंवा बदामाचं दूध दिसायला दूध, पण पाकिटावर आयोडीन लिहिलेलं नसेल तर त्यात ते जवळजवळ नसतं. भारतातही आता मुलांना ही दुधं देतात, म्हणून लिहिलं.

रानपाखरू
गुरुजी आणि उरणकर यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. डोंगरी भागाचं पटलं. पण पुण्या-मुंबईत चौरस खाणाऱ्या मुलांना याची गरज आहे, हे अजून पटत नाही. आणि आता जे गलगंड दिसतात ते आयोडीन जास्त झाल्यामुळेच असं वाचलंय.

थायमोल
यात तथ्याचा अंश आहे, म्हणून सविस्तर. आयोडीनयुक्त मीठ मिळणाऱ्या भागांतही काही मुलांना गलगंड दिसतो. त्यातल्या काहींना ऑटोइम्यून थायरॉइडायटिस असतो, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉइडवर उलटते. म्हणून ग्रंथी वाढलेली लागली की आम्ही टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, ती कमी पडली की हे वाढतं) बरोबर थायरॉइडवर उलटलेल्या अँटीबॉडीही पाहतो. फक्त "मीठ बदला" म्हणून घरी पाठवत नाही.

पण रोजच्या पाकीटबंद मिठाने आयोडीन अति होणं कठीण. मुलांच्या गटात लघवीतल्या आयोडीनचा मध्यक लिटरला ३०० मायक्रोग्रॅमच्या वर गेला तर अति म्हणतात. आणि चौरस म्हणाल तर भाजी-पोळी-डाळ-भातात आयोडीन फारसं नसतंच. दूध-अंडी-मासे वगळले की शहरातलं ताटही मिठावरच अवलंबून.

हेही सांगतो, कारण पालक हमखास विचारतात : एकट्या मुलाच्या लघवीची चाचणी करून आयोडीन ठरवू नका. खाल्लेल्या आयोडीनपैकी ९० टक्क्यांच्या आसपास लघवीतून जातं, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ आकडा बदलतो. ती चाचणी गावाची किंवा शाळेची स्थिती कळायला आहे.

निशिगंध
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी जाऊन आलो.

डॉक्टरांनाही ग्रंथी किंचित मोठी लागली. सोनोग्राफी केली, गाठी नाहीत. टीएसएच मर्यादेत पण वरच्या कडेला, अँटीबॉडी निगेटिव्ह. औषध नाही. आयोडीनयुक्त मीठ सुरू करायचं, सहा महिन्यांनी परत दाखवायचं. मीठ कमीच ठेवा, फक्त प्रकार बदला, असं त्यांनी आवर्जून सांगितलं. सासऱ्यांना तेच सांगितल्यामुळे घरात एकमत झालं. दूध नाही तर दही-ताक चालेल म्हणाले, आणि ताक तिला आवडतं!

बाजरीबद्दल विचारायचं राहिलं. आणि आमचे उपास असतात, तेव्हा सैंधव चालेल ना?

थायमोल
उपासाला निर्धास्त वापरा. थायरॉइडमध्ये काही आठवडे पुरेल एवढा साठा असतो, चतुर्थी-एकादशीने काही बिघडत नाही.

बाजरीत थायरॉइडच्या कामात अडथळा आणणारी काही द्रव्यं असतात हे खरं. कोबी-फ्लॉवर, सोयाबीन यांच्यातही वेगवेगळी असतात. पण हा परिणाम जाणवतो तो आयोडीन आधीच तुटपुंजं असताना, आणि जेवण म्हणजे जवळजवळ फक्त बाजरीच असताना. आयोडीन पुरेसं असेल तर भाकरी बंद करू नका. लोह, तंतुमय पदार्थ, सगळं तिच्यात आहे.

काकू_डोंबिवली
बरं झालं गं, औषध नाही लागलं. आता मला सांगा, लोणच्याला मी खडे मीठच घालते, आयोडीनच्या मिठाने लोणचं काळं पडतं म्हणतात. ते पण बंद करू?

केमिकल_लोचा
काकू, तुमच्या लोणच्याला हात लावायची आमची हिंमत नाही! फोडभर लोणच्यातून मुलांना मिळणार तरी किती. तसं आयोडीनयुक्त मिठाने लोणचं काळं पडतं याला आधार नाही, इतकं कमी असतं ते. रोजच्या भाजी-आमटीचं मीठ तेवढं बघा. घट्ट झाकणाची बरणी, शेगडीपासून लांब, कोरडा चमचा. भाजीत मीठ शेवटी घातलं तर आणखी बरं. वर्षाचं मीठ एकदम भरून ठेवू नका.

आणि मुलांना गंमत म्हणून : बटाट्याची फोड, तिच्यावर मीठ, मिनिटभराने लिंबाचे दोन थेंब. निळसर झालं तर आयोडीन आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या घरगुती चाचण्यांच्या पुस्तिकेत हे दिलंय. आहे की नाही एवढंच कळतं, किती ते नाही.

भटकी_सावली
केलं! आमचं निळं झालं. शेजारच्या गुलाबी मिठाचं नाही झालं. शेजारीण आता हाच धागा वाचतेय.

रानपाखरू
मीही केलं. निळं झालं, म्हणजे बायको माझ्या नकळत पाकिटातलंच वापरतेय. :) सक्तीबद्दलचं माझं मत कायम आहे, लहान आगरवाल्यांना यातून वगळून चालणार नाही. त्यांना एकत्र आणून सामाईक फवारणी यंत्र द्यायला काय हरकत आहे?

उरणकर
तेच मागतोय आम्ही. काही ठिकाणी लहान उत्पादकांनी एकत्र येऊन केलंही आहे. आमच्याकडे जमिनीलाच सोन्याचा भाव आल्यापासून मीठ पिकवायचं म्हणणारेच कमी उरलेत.

लंडनस्थ_कोल्हापुरी
थायमोल सर, मेंदूवर परिणाम म्हणालात तो गर्भातल्या बाळापुरता, की शाळेच्या वयात भरून काढता येतो?

थायमोल
गर्भात आणि पहिल्या दोन वर्षांत तीव्र कमतरता झाली तर ते नुकसान बहुतांशी कायमचं. पण शाळेच्या वयातही हात टेकायचे नसतात. अल्बेनियात मध्यम कमतरता असलेल्या १० ते १२ वर्षांच्या मुलांना आयोडीनयुक्त तेल दिलं आणि सहा महिन्यांनी पाहिलं. माहिती चटकन समजणं, बोटांची सफाई, आकृत्यांची कोडी सोडवणं यांत ती मुलं इतरांपेक्षा पुढे गेली होती. न्यूझीलंडमध्ये सौम्य कमतरतेच्या मुलांतही काही चाचण्यांत फायदा दिसला. याचा अर्थ पुरेसं आयोडीन मिळणाऱ्या मुलाला जास्त दिलं तर तो पहिला येईल, असा नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती आठवी ते बारावीच्या मुलींची. वजनाच्या धास्तीने दूध सोडतात, गुलाबी मीठ निरोगी म्हणून घेतात. बाळाच्या मेंदूची घडण आईला दिवस गेल्याचं कळायच्या आधीच सुरू होते. तेव्हाचं आयोडीन तिच्या शाळा-कॉलेजातल्या सवयींतून आलेलं असतं.

गुरुजी_सातपुडा
२०१८-१९ च्या देशव्यापी पाहणीत ७६ टक्के घरांत १५ पीपीएम किंवा जास्त आयोडीनचं मीठ मिळालं होतं. म्हणजे वर्गात चाळीस मुलं धरली तर नऊ-दहा घरी ते पुरेसं नाही.

निशिगंध
गुरुजी, आमच्या शाळेत पालकसभेत पुडीचा प्रयोग ठेवावा म्हणतेय. किट कुठून मिळेल? शाळेच्या पोषण आहाराचं मीठही तपासता येईल का?

गुरुजी_सातपुडा
ताई, मुख्याध्यापकांकडून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या किंवा महापालिका दवाखान्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना साधं पत्र द्या, आशाताई किट घेऊन येतात. किटची मुदत तपासून घ्या, मुदत गेली की रंग येत नाही आणि चांगल्या मिठावर विनाकारण शिक्का बसतो. पोषण आहाराचं मीठ आधी तपासा आणि तेही पोरांसमोर. मीठ ज्या डब्यात ठेवतात त्याला झाकण आहे का, तेही त्याच दिवशी बघून घ्या. आणि पुड्यांवर नावं लिहू नका, नंबर टाका, म्हणजे कोणाच्या घरचं मीठ पांढरं राहिलं हे वर्गात कळत नाही. २१ ऑक्टोबरला जागतिक आयोडीन न्यूनता दिन असतो, त्या आठवड्यात मागितलंत तर आरोग्य विभागाचं कोणी ना कोणी नक्की येतं.